कुंद्याला पाणी

आमच्या घरात गवताचा विषय निघाला की अजूनही सगळे माझ्याकडं बघून हसतात. मी बुलढाण्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलं होतं, आणि सरांनी प्रत्येकाला आपापल्या गावाकडची गवतं वाळवून, कागदावर चिकटवून आणायला सांगितली होती. माझा संबंध एवढाच. पुढचा सगळा उद्योग आत्याच्या डोक्यातून निघाला, राबले बाबा आणि दादा, आणि गावात नाव झालं माझं. त्याचा राग मला अजून येतो, पण सांगताना हसूही येतं.

तेव्हा आमच्या घरात एकच काळजी होती, दादाच्या लग्नाची. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तिशीला टेकला होता. दिसायला बरा, तंबाखूसुद्धा खात नव्हता, रागावला तर दोन तास गप्प बसायचा आणि मग स्वतःच येऊन चहा मागायचा. खोट एकच, शेती करायचा. बीटी कपाशीचे ते दिवस होते. वर्तमानपत्रात शेतकऱ्यांच्या बातम्या यायच्या, कसल्या ते सांगायला नको, आणि मुलींचे बाप ते वर्तमानपत्र आमच्याआधी वाचायचे. पाहुणे यायचे, पोहे खायचे, 'मुलगा काय करतो?' विचारायचे, आणि उत्तर ऐकलं की त्यांना एकदम बसची वेळ आठवायची. तालुक्याला झेरॉक्सच्या दुकानात बसणाऱ्या पोराचं लग्न होत होतं, कारण तो सावलीत बसायचा. दादा यावर आमच्यासोबत हसायचा. पण दोस्तांच्या वरातीत पुढं नाचणारा माझा भाऊ हळूहळू मागं राहायला लागला, मग मांडवात उशिरा जायला लागला, मग जायचाच बंद झाला. त्याच्याकडं बघून माझा जीव तुटायचा.

आमचं गाव लोणार तालुक्यात, बीबीच्या अलीकडं. आमची जमीन बरड. म्हणजे वर हातभर भुरकट माती, आणि खाली मुरूम, कुदळ मारली तर ठिणगी निघेल असा. आजोबांच्या काळी तिथं नांगर लागत नव्हता. ते गवताचं रान होतं. दिवाळीनंतर गवत कापायचं, गंज्या रचायच्या, आणि वर्षभर जनावरांची चिंता मिटायची.

सरांच्या त्या कामामुळं मला पहिल्यांदा कळलं की आमच्या बरडावर नुसतं गवत नाही, तिथं एक अख्खं गाव वसलेलं आहे आणि प्रत्येकाची आळी ठरलेली आहे. अगदी वरच्या अंगाला, मुरूम उघडा पडलेला असतो तिथं, कुसळी. तिच्या खाली, वीतभर माती धरून राहते तिथं पवन्या, उंच, सडसडीत, वाऱ्यावर डुलणारा. मध्येच कुठं तिखाडीचं बेट, तिचं पान चुरगळलं की हाताला दिवसभर वास. अजून खाली, माती काळपट व्हायला लागली की मारवेल, ज्याच्यासाठी आमची गाय दावं तोडायची. पायवाटेवर हरळी, तुडवून घ्यायला कायम हजर. आणि सगळ्यांच्या खाली, नाल्याकाठच्या खोल काळ्या मातीत, कुंदा. कुणी कुणाच्या आळीत घुसत नव्हतं. मातीची खोली मोजायला मला खड्डा खणायची गरज पडत नसे, गवत बघितलं की काम भागायचं.

बीटी आली तसं हे गाव उठलं. सगळ्यांनी गायरानं मोडली, पडीक मोडलं, आम्हीही बरड मोडलं. गवत उरलं ते धुऱ्यावर, म्हणजे दोन शेतांच्या मधल्या बांधावर, आणि विहिरीकडच्या चढावर, कारण तिथं ट्रॅक्टर चढत नव्हता. पहिलं वर्ष बरं गेलं. मग एका साली पावसानं मध्येच दडी मारली, आणि बोंडं भरायच्या वेळी कपाशीवर लाल्या आला. पानं लाल झाली, बोंडं सुपारीएवढीच राहिली. नाल्याकाठी, खोल मातीतली कपाशी मात्र हिरवीगार उभी. बियाण्याच्या पुडक्यावर जातीचं नाव, फोटो, सूचना सगळं छापलेलं असायचं. खाली माती किती पाहिजे ते काही आमच्या वाचण्यात आलं नाही.

अशा वर्षी आत्यानं स्थळ आणलं. आत्या म्हणजे बाबांची बहीण, संग्रामपूरकडं दिलेली. ती बोलायला लागली की बाबा मुकाट ऐकतात, लहानपणापासूनची सवय आहे. मुलगी तिच्याच गावची. आम्ही जाऊन मुलगी बघून आलो होतो. दादा परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर बघत एकटाच हसत होता, त्यावरून आम्ही समजायचं ते समजलो. आता मुलीकडचे घर आणि शेत बघायला येणार होते.

"सगळं बरं हाये," आत्या म्हणाली, "पन तिचा काका लय खट हाये. घर नाही पाहत, पोरगा नाही पाहत, पहिले वावर पाहते. आन वावरात पीक नाही पाहत. धुऱ्यावर कोनतं गवत हाये ते पाहते. त्याच्या गावात कोनालेही जमीन घ्याची असली तं त्याले घेऊन जातेत."

मला हे फार आवडलं. माझ्या कॉलेजातही असा माणूस नव्हता. मी उत्साहानं सांगून टाकलं की बरोबरच आहे, कुसळी दिसली की मुरूम, मारवेल दिसलं की मध्यम जमीन, आणि कुंदा दिसला की जमीन खोल काळी, डोळे झाकून घ्यावी.

आत्यानं माझ्याकडं नीट वळून बघितलं. मग बाबांना म्हणाली, "भाऊ, कुंदा लावा."

ज्यांनी वऱ्हाडात शेती केली नाही त्यांना या वाक्याची भयानकता कळणार नाही. कुंदा हे आमच्याकडचं सगळ्यात चिवट तण. त्याची मुळं जमिनीखाली इतकी खोल आणि लांब जातात की माणसं अख्खा उन्हाळा तो खणण्यात घालवतात, आणि पहिल्या पावसात तो परत वर येऊन हजर. कुंद्यानं धरलेलं शेत बघून माणसं कपाळाला हात लावतात. तो मागून आणून, आपल्या हातानं आपल्याच धुऱ्यावर लावणारं घर जगाच्या पाठीवर आमचंच असेल.

बाबा म्हणाले, "बरडात कुंदा जगल का?"

"जगायला कोण सांगते," आत्या म्हणाली. "पाहुणे येऊन जाईपर्यंत हिरवा राहिला म्हंजे झालं."

दादानं नाही म्हटलं. स्पष्ट म्हटलं, की असं खोटं नको. आत्यानं त्याला एवढंच विचारलं, "मुलगी पसंत हाये का नाही?" दादा टोपलं-कुदळ घेऊन निघाला.

नाल्याकाठचं शेत चाचांचं. बीबीच्या बाजारात त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं, ते मुलं बघायची आणि चाचा शेतात रमायचे. आमच्या दोन घरांत जाणंयेणं आजोबांपासूनचं. चाचांना आधी वाटलं आम्ही चेष्टा करतोय. मग खरं कारण कळल्यावर ते धुऱ्यावर बसून पोट धरून हसले. "ले जाओ भाऊ, पूरा ले जाओ," ते म्हणाले. "मुळासगट घ्या. जिंदगी गेली माझी हा कुंदा खंदण्यात, आन आज त्याची मागणी आली. थोडा दानातही देतो, पुण्य लागल."

दादा आणि बाबांनी मातीच्या मोठमोठ्या ढेकळांसकट कुंदा उचलला आणि आमच्या धुऱ्यावर, गाडीवाटेच्या बाजूनं, ओळीनं लावला. त्या काळी बीटीच्या पुडक्यासोबत साध्या कपाशीची एक छोटी पुडी यायची, शेताच्या कडेनं लावायला. आमच्याकडं ती कधी कुणी लावली नव्हती. कडेनं काही लावायचं म्हणून आमच्या घरानं एवढी मेहनत घेतली ती फक्त कुंद्यासाठी.

पण पाहुण्यांना जीप मिळेना. आज येतो, उद्या येतो असं चाललं, आणि इकडं कुंदा मान टाकायला लागला. मग रोज सकाळी विहिरीवरून घागरी भरून कुंद्याला पाणी. मुरमातून ते झिरपून जायचं, की परत घागर. कपाशी लाल पडत होती आणि आम्ही तणाला पाणी देत होतो. येणाजाणारी माणसं थांबायला लागली. एक जण न राहवून म्हणाला, "काऊन हो, कुंद्याला पाणी?"

बाबांना खोटं बोलता येत नाही. ते घागर घेऊन तसेच उभे राहिले. आत्यानं मागून उत्तर दिलं, "पोरीच्या कॉलेजचा प्रयोग हाये."

माणूस मान हलवून पुढं गेला. कॉलेजात असलंच शिकवत असतील याबद्दल गावात कुणालाच शंका आली नाही. संध्याकाळपर्यंत मी कुंदेवाली झाले होते, आणि लग्न होऊन सासरी जाईपर्यंत कुंदेवालीच राहिले.

शेवटी तुळशीचं लग्न झाल्यावर जीप आली. काका उतरले. उंच, पांढरं धोतर, पांढरी टोपी, पायात करकरीत चप्पल. त्यांच्या मागून जीपमधून चक्क मुलगी उतरली. आमच्याकडं अशा वेळी पुरुषमाणसंच येतात, मुलगी घरी थांबते. आईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. काका म्हणाले, "आयकतच नाही. म्हने, तुम्ही वावर पाहा, मी बाकीचं पाहीन." मुलीनं आईला वाकून नमस्कार केला आणि माझ्याकडं बघून जरा हसली. मला ती तिथंच आवडली.

चहा घेऊन सगळे शेतात. आत्यानं सगळ्यांना गाडीवाटेनं, कुंद्याच्या बाजूनं नेलं. काकांनी आधी कपाशी बघितली आणि भुवया उचलल्या. "पानं लाल काऊन?" आत्या लगेच म्हणाली की नवीन वाण आहे, लालसरच येतो. मी जमिनीकडं बघत चालले. दादाचं तोंड त्या पानांपेक्षा लाल झालं होतं.

मग काका थांबले. त्यांना कुंदा दिसला होता.

त्यांचा चेहरा बदलला, एखादा जुना ओळखीचा माणूस परगावी भेटावा तसा. ते वाकले, पान बोटांत धरून बघितलं. "कुंदा हाये तुमच्याकडं," ते बाबांना आदरानं म्हणाले. "मले वाटलं नव्हतं. बाहेरून तं जमीन भुरी दिसते. पन कुंदा खोल काळीबिगर येत नाही." बाबा खाली बघत 'हाव' म्हणाले. आत्याच्या चेहऱ्यावर तेज आलं. मला त्या क्षणी वाटलं, जमलं.

काका तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण जाणत्या माणसाला दाखवायची हौस असते. त्यांनी पुतणीला हाक मारली. "इकडे ये व. पाह्य, हा कुंदा. दोन बैल लावले तरी निघत नाही." आणि त्यांनी दोन्ही हातांनी एक ठोंब धरला, पाय रोवले, आणि अंगातलं सगळं बळ लावून ओढला.

ठोंब अलगद वर आला. काका त्याच जोरात मागं गेले आणि चढावरच्या कुसळीत बसले.

कुसळीबद्दल इथं सांगितलं पाहिजे. दिवाळीनंतर तिची कुसळं पिकलेली असतात. प्रत्येक बियाला पुढं सुईसारखं टोक, त्यावर उलटे केस, आणि मागं लांब पिळाची शेपटी. हवा दमट झाली की पीळ सुटतो, सुकली की परत बसतो, आणि असं वळत वळत बी जमिनीत घुसतं. जमीन नसेल तर मोज्यात, लुगड्यात, मेंढीच्या कातड्यात घुसतं. मागं ओढलं तर निघत नाही, केस आडवे येतात. माझ्या वहीत मी याचं सुरेख चित्र काढलं होतं. काकांच्या धोतरात ती शेकड्यानं घुसली.

पलीकडं चाचांच्या तुरीतून कुणीतरी खोकल्यासारखं हसत होतं. काका उठले, आणि वेदना बाजूला ठेवून त्यांनी आधी हातातला ठोंब बघितला. खाली चौकोनी काळं ढेकूळ. धुऱ्यावर जिथून निघाला तिथं लाल मुरमाचा खड्डा, त्यात सकाळचं पाणी. त्यांनी ढेकूळ नाकाला लावलं, मग खड्ड्यातला मुरूम बोटांत चोळला. मुलीनं पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते.

"कोनाच्या वावरातला हाये?" काकांनी विचारलं.

दादा पुढं आला. "चाचांच्या, काकाजी. नाल्याकाठचा. आमची जमीन बरड हाये. हातभर माती, खाली मुरूम. आन पानं वाणामुळं लाल नाहीत, लाल्या हाये." एवढं बोलून तो बाजूला उभा राहिला. लग्नाचा विषय संपला हे त्याला आमच्याआधी कळलं होतं, आणि त्याच्याकडं बघवत नव्हतं.

"चाल व," काका पुतणीला म्हणाले. "जीपीत बस."

पण काकांना स्वतःलाच जीपमध्ये बसता येईना. ते टेकायला गेले आणि उडून उभे राहिले. परत प्रयत्न केला, परत उभे. तेवढ्या लांबच्या रस्त्याला ते धोतर नेसून बसणं शक्य नव्हतं. शेवटी त्यांना विहिरीजवळच्या खोपीत जाऊन बाबांचा पंचा नेसावा लागला, आणि त्यांचं धोतर बांधावर पसरून आत्या, आई आणि मी कुसळं काढायला बसलो. मी सांगत होते, मागं ओढू नका, ज्या दिशेनं गेलंय त्याच दिशेनं पुढं काढा. माझ्या वनस्पतिशास्त्राचा घराला झालेला हा पहिला उपयोग. काका पंचा सावरत, अंगात बनियन, खोपीला पाठ लावून उभे होते आणि कुणाकडंच बघत नव्हते.

त्या वेळात मुलगी विहिरीकडं गेली. तहान लागली असेल. दादानं बादली सोडली, पाणी काढलं, तांब्या विसळून भरून दिला. तिनं वरून धार धरली, दोन घोट घेतले आणि थांबली. मग तांब्या तोंडाला लावून सगळा प्यायली. परत भरून मागितला.

"पानी बाराही महिने असंच राह्यते?" तिनं विचारलं.

"उन्हाळ्यात तळाला जाते," दादा म्हणाला. "पण गोडच राहते. मुरमातलं हाये."

ती विहिरीत वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "एक कॅन भरून देता काय? माह्या आईसाठी."

मुलीचं गाव पूर्णा नदीच्या काठचं. तिथली माती पुरुषभर खोल, काळी, पण तिच्या खालचं पाणी खारं असतं. पिकाला चालत नाही आणि माणसालाही सोसत नाही. मुलीच्या आईला किडनीचं दुखणं लागलं होतं आणि डॉक्टरांनी गावचं पाणी बंद करायला सांगितलं होतं. गोड्या पाण्याचा टँकर आला तर आला. नाही आला त्या दिवशी आई तहान मारून बसायची, मुलीला कळू नये म्हणून 'आज तहानच नाही' म्हणायची. हे सगळं मुलीनं अगदी साध्या आवाजात सांगितलं. मी कुसळ काढायची थांबले होते.

दादा कॅन शोधायला खोपीत गेला. कपाशीच्या शेतात कॅन पुष्कळ, पण सगळे फवारणीच्या औषधाचे. एकेक उचलून, वास घेऊन तो ठेवत होता आणि त्याचा चेहरा उतरत होता. तेवढ्यात चाचा आपली दुधाची किटली घेऊन आले. दूध त्यांनी दुसऱ्या भांड्यात ओतून किटली घासून आणली होती. दादानं ती काठोकाठ भरली.

आणि मुलगी सगळ्यांसमोर काकांना म्हणाली, "मले हे घर पसंत हाये."

काकांनी पंचा घट्ट धरला. चिडतील असं वाटलं, पण ते हळू आवाजात बोलले. "पानी पाहून पसंत करून राह्यली ना तू? मंग आयक. आज तू पाहुनी हायेस, किटली घेऊन चाल. पन इथं लग्न झालं की हे लेकीच्या घरचं पानी झालं. तुही माय पिईन काय ते?"

मुलीचा चेहरा उतरला. आमच्याकडं लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरी जेवत नाहीत, आणि जुन्या वळणाची माणसं पाणीसुद्धा पीत नाहीत. तिची आई जुन्या वळणाची होती. म्हणजे लग्न करावं तर आईचं पाणी तुटलं, आणि करू नये तर या विहिरीवर तिचा हक्क काय? ती दादाकडं बघत होती. दादा किटलीकडं बघत होता. मला त्या रिवाजाचा इतका राग आला की हातातलं कुसळ बोटात घुसलं.

चाचा म्हणाले, "भावाच्या घरचं तं पिते ना बहीण? मग आजपासून त्या माझ्या बहीण. मी पाठवतो पाणी."

"तुमची विहीर कुठं हाये?" काकांनी विचारलं.

चाचांची विहीर नव्हतीच. ते गडबडले. आणि ज्यांना खोटं बोलता येत नाही असे माझे बाबा पुढं झाले. "हीच," ते म्हणाले. "सामायिक हाये. अर्धा हिस्सा त्यांचा."

काकांनी बाबांकडं बघितलं. आदल्या खोट्याचं ढेकूळ अजून त्यांच्या पायाशी पडलं होतं. त्यांनी चाचांच्या शेताकडं बघितलं, तिकडं जाणारा पाट नव्हता की पाईप नव्हता. गवतावरून जमीन ओळखणाऱ्या माणसाला हे दिसलं नसेल असं मी कधीच मानणार नाही. "सामायिक असन तं ठीक हाये," ते म्हणाले, आणि आत्याकडं वळून विचारलं, "धोतर झालं काय?"

लग्न चैत्रात झालं. एकदा सामायिक म्हटलं म्हणून बाबांनी चाचांना खरोखरच विहिरीवरून पाईप टाकू दिला, आणि चाचा दर आठवड्याला किटली भरून, दोन एसट्या बदलायची सोय लावून, संग्रामपूरकडं पाठवायचे. झाकणाला दोरी बांधून द्यायचे आणि कंडक्टरला सांगायचे, बहिणीचं आहे, सांडू देऊ नका. विहिरीकडचा चढ दादानं पुढंही मोडला नाही, तिथल्या गवतावर वहिनीनं एक गाय वाढवली. धुऱ्यावरचा कुंदा उन्हाळ्याआधीच वाळून गेला, बाबांना शंका होती तसा.

त्याच उन्हाळ्यात वहिनीची आई पहिल्यांदा आमच्याकडं आली. वहिनीला मूल व्हायचं होतं अजून. बाई अगदी वाळलेल्या, पायावर सूज, जीपमधून उतरताना दादाचा हात धरावा लागला. शेत बघायचं म्हणाल्या, म्हणून आम्ही त्यांना विहिरीपर्यंत नेलं. ऊन चांगलंच होतं. दादानं घाईघाईनं बादली काढली आणि आम्ही शिकवल्याप्रमाणं सांगायला लागला, की आई, ही विहीर सामायिक हाये, हे चाचांच्या हिश्शाचं पाणी.

बाईंनी त्याला हातानं थांबवलं. "कोनाची विहीर हाये ते मले पहिल्या किटलीपासून ठाऊक हाये, जावईबापू," त्या म्हणाल्या. "लेकीच्या घरचं पानी पिऊन पाप लागत असन तं लागू द्या. खारं पिऊन कोनतं पुण्य लागलं मले?"

वहिनी रडायला लागली. बाईंनी तांब्या तोंडाला लावला, सावकाश सगळा प्यायला, पदरानं तोंड पुसलं आणि रिकामा तांब्या लेकीच्या हातात दिला. दादानं बादली परत खाली सोडली.